कारागीर दादासाहेब

थोर माणसाचे चरित्र लिहायला बसावे आणि सुरुवात आपल्या घरातल्या तुटक्या वायरीपासून करावी, हे काही शिष्टसंमत नाही. पण दादासाहेब फाळके मला भेटले ते त्या वायरीमुळेच, म्हणून तिथूनच सांगतो.

आमच्या वाङ्मय मंडळाने यंदा लोकगीतांचा संग्रह करायचे ठरविले. ज्याच्या घरी ओव्या, पाळणे किंवा भोंडल्याची गाणी म्हणणारे कोणी असेल, त्याने त्यांचे चित्रण आणून मंडळाच्या पानावर चढवायचे. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. ती आता नाही. पण कल्याणला राहणाऱ्या माझ्या मामाने २००४ साली हौसेने एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि तिला पाच मिनी-डीव्ही कॅसेटींवर टिपून ठेवले होते. तो कॅमेरा सुदैवाने अजून चालतो. मी कॅमेरा आणि कॅसेटी पिशवीत घालून डोंबिवलीला आणल्या.

या कॅसेटीचे एक आहे, तिला घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरवून घ्यायला तासच लागतो. एका तासाची फाइल साधारण १३ जीबी, म्हणजे पाच कॅसेटींची ६५ जीबी. इथपर्यंत सारे सुरळीत झाले आणि मग विघ्ने सुरू झाली. पहिली फाइल मंडळाच्या पानाने घेतलीच नाही. मला वाटले, फाइलचे आडनाव बदलले की काम होईल. एव्हीआयच्या जागी एमपी४ लिहून पाहिले. नाव बदलून काय होणार? फाइल हा नुसता डबा असतो. डबा कोणत्या आकाराचा यापेक्षा आत चित्र कोणत्या रीतीने भरले आहे हे महत्त्वाचे. ते आतले चित्र खरोखरच नव्या रीतीने बांधून घ्यावे लागते. ते करू गेलो तर आजी आडवी ताणली गेली आणि चांगलीच लठ्ठ दिसू लागली, कारण जुने चित्र चारास तीन या मापाचे आणि मी मागितले सोळास नऊ. ते सुधारले, तर जाते फिरवणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसू लागले. त्या काळचा कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत टिपे, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. हात हलला की दोन हप्ते जुळत नाहीत. तेही निस्तरले.

मग राहिला वेग. आमच्या घरी बाहेरच्या खोलीत, राउटरशेजारी, हार्ड डिस्कची एक पेटी आहे. घरातले सगळे फोटो, कागद तीत राहतात. आतल्या खोलीतल्या संगणकावरून ६५ जीबी तिच्यात टाकायला लागलो तर आकडा सेकंदाला ११ एमबीच्या वर हलेना. म्हणजे पाऊण-एक तास नव्हे, जवळजवळ पावणेदोन तास. मी आधी पेटीला दोष दिला, मग संगणकाला, मग वाय-फायला. वाय-फायचा तर संबंधही नव्हता. शेवटी केबल धरून धरून खिडकीपाशी आलो तेव्हा कळले. सरकत्या काचेखाली केबल चेंगरली होती. केबलमध्ये आठ तारा असतात. आठही शाबूत असतील तर सेकंदाला हजार मेगाबिट जातात. एखादी तुटली तर यंत्रे आपसांत समजूत करून घेतात आणि चार तारांवर, शंभर मेगाबिटांवर भागवतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभराचे साडेबारा, आणि वाटखर्च जाऊन अकरा. तक्रार कोणीच करत नाही, काम फक्त मंद होते. स्टेशनबाहेरून नवी केबल आणली आणि तीच फाइल सेकंदाला ११० एमबीने धावली.

गंमत अशी की कल्याणहून डोंबिवलीला लोकलने यायला दहा मिनिटे धरली, तर माझ्या पिशवीतल्या कॅसेटींचा वेगही सेकंदाला १०८ एमबीच पडतो. मध्य रेल्वेला उगीच नावे ठेवू नयेत.

या खटपटीत आठवडा गेला. तासाला मी पेंगताना सापडलो आणि कारण सांगावे लागले. सरांनी रागावण्याऐवजी वाचनालयातून फाळक्यांवरचे पुस्तक काढून हाती ठेवले. मी मनातून खट्टू झालो. भारतीय चित्रपटाचे जनक, फोटोला हार, वर्षाकाठी एक पुरस्कार, एवढे फाळके आपल्याला पाठ असतात. पुस्तक वाचले आणि निराळाच माणूस दिसला. बाह्या सरसावून यंत्राशी झटणारा, आणि बहुतेक वेळा माझ्यासारखाच रात्री झटणारा.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आले. आमच्या कल्याण स्टेशनात रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्यावरून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतवरून लोणावळ्याकडे. फाळक्यांचे निम्मेअधिक आयुष्य या दोन फाट्यांवर गेले. नाशिकच्या फाट्यावर जन्म आणि मृत्यू, लोणावळ्याच्या फाट्यावर छापखाना आणि, पुढे सांगेन, पहिल्या चित्रपटातला एक फजितीचा प्रसंग. कल्याणच्या फलाटावरून त्यांची गाडी किती वेळा गेली असेल त्याची गणती नाही.

१८८५ साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तिथून बडोद्याच्या कलाभवनात. तिथे प्रा. गज्जर यांनी त्यांना फोटोची खोली वापरू दिली. चित्रकला, फोटो, साचे, ठसे, पुढे जादूचे प्रयोगसुद्धा, असे मिळेल ते शिकत गेले. त्या वेळच्या शहाण्यासुरत्यांना हा धरसोडपणा वाटला असणार. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही नेले. त्यानंतर बडोद्यात धंदा चालेना, कारण फोटो काढल्याने माणसाची शक्ती ओढली जाते अशी लोकांची समजूत. मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगव, असे करत ते १९०३ मध्ये सरकारच्या पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. स्वदेशीच्या दिवसांत ती नोकरी सोडली आणि लोणावळ्याला ठसे खोदण्याचा व छपाईचा कारखाना काढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीला जाऊन आले. कारखाना नावारूपाला आला आणि भागीदारांशी बिनसले. चाळिशी उलटलेला माणूस, घरात मुलेबाळे, आणि हाती काही नाही.

१९११ मध्ये त्यांनी गिरगावात येशूच्या चरित्रावरचा चलत्चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूच्या जागी राम-कृष्ण दिसू लागले, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. ती खरीच आहे, पण मला पुढची कथा जास्त पटली. एका रात्रीत राम-कृष्ण दिसणे सोपे, पण पडद्यावरची चित्रे हलतात कशी, हे जाणून घ्यायला त्यांनी जे महिने घालविले ते अवघड. पुस्तके, कॅटलॉग, छोटेसे खेळण्यातले यंत्र, भिंतीवर पाडलेली चित्रे, रोज चित्रपटगृहाची वारी. झोप अशी नाहीच. त्या ताणाने डोळे इतके गेले की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांनी उपचार करून नाना चष्मे देऊन दृष्टी परत आणली.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते इंग्लंडला निघाले. लंडनमध्ये ओळख ना पाळख. बायोस्कोप या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली, सरळ आत गेले. संपादकाने आधी परावृत्त करून पाहिले, मग माणसाची चिकाटी पाहून त्यांना वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. तिथे त्यांनी काम पाहून घेतले. खरेदी अशी केली : पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कोरी फिल्म आणि भोके पाडण्याचे यंत्र.

या तिसऱ्या वस्तूवर मी अडखळलो. भोके कशाला? नंतर लक्षात आले की इथेच सगळी मेख आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला दोन्ही कडांना भोके असतात, एका चित्रामागे प्रत्येक कडेला चार. कॅमेऱ्याची नखी त्या भोकांत शिरून पट्टी नेमकी एका चित्राइतकी पुढे ओढते. भोक केसभर इकडेतिकडे झाले तर चित्र थरथरते किंवा पट्टी फाटते. म्हणजे आजच्या भाषेत हा फॉरमॅटचाच प्रश्न. कॅमेरा, प्रत काढायचे यंत्र आणि प्रोजेक्टर, तिघांना एकच माप मान्य असले पाहिजे. फाळक्यांकडे कोरी फिल्म आली ती भोके नसलेली. भोके घरी पाडायची, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया.

सामान १९१२ च्या मे महिन्यात दादरला आले. नकाशावर बघून यंत्र चार दिवसांत उभे केले. मग काळोख्या खोलीत सरस्वतीबाई बसल्या. दिवसभर घरच्या आणि कंपनीच्या माणसांची जेवणे करायची, सगळे निजले की भोके पाडायची, फिल्म धुवायची. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात या बाईंना दागिने गहाण देणारी साध्वी म्हणून एक ओळ मिळते. दागिने त्यांनी दिलेच, पण त्या त्या कारखान्यातल्या पहिल्या तंत्रज्ञ होत्या. मी सहज हिशेब केला. एक फूट पट्टीत सोळा चित्रे आणि दोन्ही कडा मिळून १२८ भोके. राजा हरिश्चंद्र ३,७०० फुटांचा. म्हणजे नुसत्या तेवढ्या लांबीला ४,७३,६०० भोके. यंत्र होते हे खरे, पण ते अंधारात चालवणारे हात घरचेच होते.

भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी काय करावे? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोखून ठेवला. महिनाभर थोड्याथोड्या वेळाने चित्रे घेतली. पडद्यावर दाणा फुटला, वर आला, वेल होऊन चढला, सगळे मिनिटभरात. अंकुराची वाढ हा तो पट. त्या मिनिटाला साधारण हजार चित्रे लागली असणार. सावकाराला महिनाभराचे काम मिनिटात दाखवणे, हे मला त्यांच्या सगळ्या जादूंत श्रेष्ठ वाटते. पैसे मिळाले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक आहे. बायका काम करायला मिळेनात म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र. रोहिदास म्हणून स्वतःचा मुलगा भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हणणे कमीपणाचे होते, म्हणून मंडळींनी हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगावे, अशी तोड काढली. बाहेरची दृश्ये घेतली वांगणीला, म्हणजे आपल्या बदलापूरच्या पुढच्या स्टेशनावर. मंडळी तलवारी-भाल्यांसह गावात उतरली. गावकऱ्यांना वाटले दरोडेखोर आले आणि वर्दी पोलीस पाटलापर्यंत गेली. फाळके मागाहून पोचले आणि फिल्म न भरताच कॅमेरा फिरवून त्यांनी सगळ्यांना प्रसंग करून दाखविला, तेव्हा सुटका झाली, अशी हकिगत सांगतात. कर्जत लोकलने जाताना वांगणी आली की मी आता खिडकीतून बाहेर बघतो. बघण्यासारखे तिथे तसे काही नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र लागला. किती वेळ चालत असेल? कित्येक ठिकाणी चाळीस मिनिटे असे लिहिलेले आढळते. हा आकडा मला खटकला आणि खटकण्याचे कारण आजीची कॅसेट. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचे साधारण प्रमाण सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. सोळा चित्रांचा एक फूट, म्हणून सेकंदाला एक फूट. तर ३,७०० फुटांना ३,७०० सेकंद, तासाहून थोडे अधिक. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग ठरावीक हवा म्हणून तो चोवीस चित्रांवर नक्की झाला. त्या वेगाने तीच पट्टी फिरवली की एक्केचाळीस मिनिटांत संपते. आपण मूकपटांतली माणसे लगबगीने, बाहुल्यांसारखी चालताना पाहून हसतो, त्यांतला बराचसा दोष हा चुकीच्या वेगाचा आहे. फाळक्यांची तारामती तशी धावत नव्हती. माझी आजी तरी कुठे लठ्ठ होती?

त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला हलले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, तिकडे ते वाखाणले गेले, आणि परत येतात तो महायुद्ध. फिल्म मिळेना, पैसा मिळेना. १९१७ चे लंकादहन मात्र तुफान चालले. साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता दोघांचीही कामे केली. त्याच सुमारास त्यांनी नवयुग मासिकात चित्रपटावर मराठीत लेख लिहिले आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक छोटा पटही काढला. आपली युक्ती झाकून ठेवण्याचा तो काळ. हा गृहस्थ मात्र दाखवीत सुटला होता. त्या पटाचा उरलेला तुकडा मी पाहिला. दादासाहेब फिल्मची पट्टी हातात धरून पाहतात. वाचनालयातल्या फोटोत जो भारदस्तपणा आहे त्याचा मागमूस नाही. घड्याळजी चाक पाहतो तसे पाहतात.

१९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. श्रीकृष्णजन्म आणि १९१९ चा कालिया मर्दन या तिच्या काळातल्या कृती. कालिया मर्दनमध्ये कृष्ण झाली ती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पुन्हा भागीदारांशी बिनसले, ते काशीला निघून गेले, नाटक लिहिले, काही वर्षांनी परत आले. मला वाटते हा त्यांचा खरा दोष होता. यंत्र बिघडले तर रात्रभर बसून ते दुरुस्त करणारा हा माणूस, माणसांशी बिघडले की उठून जाई.

१९३१ मध्ये आलम आरा आला आणि चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा सेतुबंधन तेव्हा मूकपट म्हणून तयार झालेला. बाजारात मूकपटाला गिऱ्हाईक राहिले नाही, म्हणून त्याला मागाहून आवाज जोडून १९३४ मध्ये तो पुन्हा आणला गेला. जुन्या चित्राला नवा आवाज चिकटवण्याची ही खटपट यशस्वी झाली नाही. फॉरमॅट बदलला की नुसत्या फाइली नव्हे, माणसेही मागे राहतात, हे इथे बोचते. एकच बोलपट त्यांनी मुळापासून केला, कोल्हापूर सिनेटोनसाठी गंगावतरण, १९३७ चा. वय सदुसष्ट. त्यानंतर काम नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, आणि जगाने फारशी दखल घेतली नाही.

नव्वदहून अधिक कथापट त्यांनी केले असे मानतात. उरले किती? मूकपटांपैकी कालिया मर्दन बराचसा, बाकीच्या काहींचे तुकडे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्याखालीही विझत नाही, आणि न पेटली तरी कालांतराने आपोआप कुजून चिकट होते, मग भुकटी होते. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. पी. के. नायर यांनी तिथे उभे आयुष्य घालवून गावोगावची रिळे गोळा केली. फाळके कुटुंबाकडचे तुकडेही त्यांनी मिळवले आणि ते नव्या, न पेटणाऱ्या फिल्मवर उतरवले गेले. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या कोठीला आग लागली. जुनी मूळ रिळे जळाली. ज्यांच्या प्रती आधी निघाल्या होत्या तेवढे चित्रपट वाचले.

राजा हरिश्चंद्रची दोन रिळे आज पाहायला मिळतात, पहिले आणि शेवटचे. त्यातही एक भानगड आहे. १९१७ मध्ये फाळक्यांनी तोच चित्रपट पुन्हा काढला होता, आणि उरलेली रिळे १९१३ ची की १९१७ ची यावर अभ्यासकांत वाद आहे. एकाच नावाच्या दोन फाइली, आणि तारीख कुठेच नाही.

हे वाचले त्या रात्री मी उठून पेटीतल्या पाचही फाइली शेवटपर्यंत चालवून पाहिल्या. तोवर मी प्रत्येकीची पहिली दोन मिनिटेच पाहिली होती. चार नीट होत्या. पाचवीवर, मामाच्या अक्षरात आजी असे लिहिलेल्या कॅसेटीवर, एकवीस मिनिटे ओव्या आहेत आणि मग एकदम गणपतीची मिरवणूक सुरू होते. कोणीतरी कॅसेट पुन्हा वापरली. मामाला विचारले, त्याला आठवत नाही, किंवा आठवत असेल. तो काही बोलला नाही, मग म्हणाला की त्या ओवीत पुढे तिच्या भावाचे नाव यायचे. कोणते, ते त्याला सांगता आले नाही.

मिरवणूक मी पुसली नाही. फाइलींना वर्ष आणि क्रमांक घालून नावे दिली, आणि सगळ्यांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढली. रविवारी ती लोकलने कल्याणला मामाकडे पोचवून आलो.